साडेचारशे मीटर खाली, अंदाजे

ऑफिसात त्याला सगळे 'अंदाजे' म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पगारपत्रक मोठ्याने कोण वाचतं? कुठलाही आकडा 'अंदाजे'ची टोपी घातल्याशिवाय त्याच्या तोंडातून बाहेर पडत नसे. वय किती? अंदाजे चौतीस. ऑफिस कितव्या मजल्यावर? अंदाजे तिसऱ्या. बहिणी किती, असं एकदा कुणीतरी सहज विचारलं, तर जरा विचार करून तो म्हणाला होता, "अंदाजे एक."

यात त्याचा दोष नव्हता. अकरा वर्षं एकच अंदाजपत्रक करणाऱ्या माणसाची जीभ तशीच वळणार.

अंदाजपत्रक होतं अणुभट्टीतून वापरून बाहेर काढलेल्या इंधनाचं. ते इंधन तांब्याच्या पिंपांत भरायचं, पिंपं जमिनीखाली साडेचारशे मीटर खडकात उतरवायची, भोवती पाणी लागलं की फुगणारी माती ठासायची, वरून बोगदा बुजवायचा आणि माणसाने तिथून कायमचं तोंड फिरवायचं. खणायचं काम दुसऱ्या खात्याचं. पुरायचं तिसऱ्या खात्याचं. अंदाजेच्या खात्याने फक्त 'किती' एवढंच सांगायचं होतं, आणि ते सव्वीस वर्षं सांगत होतं. त्याच्याआधी त्या खुर्चीवर तिघे होऊन गेले. एक निवृत्त झाला, एक वारला, आणि एक वेळीच शहाणा होऊन मत्स्यखात्यात गेला. आता चौदावी सुधारित आवृत्ती चालू होती. तिच्यात बाब क्रमांक तीन होती 'अंदाजपत्रक तयार करण्याचा खर्च', आणि सगळ्या बाबींमध्ये तीच सर्वांत वेगाने वाढत होती.

पिंपं तीन हजार दोनशे बारा. तिथपर्यंत सगळं सरळ होतं. तांब्याला भाव असतो, मातीला भाव असतो, खडकालासुद्धा असतो. घोडं अडायचं ते शेवटच्या पानावर. बाब सेहेचाळीस : रखवालदार, दहा हजार वर्षे. बाब सत्तेचाळीस : 'येथे खणू नये' असा फलक, दहा हजार वर्षे टिकणारा व त्या वेळच्या लोकांना समजणारा.

लेखापरीक्षणातून दरवर्षी शेरा येई. एका वर्षी आला : "रखवालदाराला वर्षाला दोन गणवेश धरले आहेत, म्हणजे एकूण वीस हजार. धुलाई भत्ता दाखवलेला नाही." अंदाजेने धुलाई भत्ता दाखवला. पुढच्या वर्षी आला : "फलकासाठी तीन दरपत्रके जोडलेली नाहीत."

नियम म्हणजे नियम. खिळा घ्यायचा असो नाहीतर अनंतकाळ, तीन दरपत्रकं हवीत. अंदाजे दरपत्रकं गोळा करायला निघाला. थडग्यांवर नावं कोरणाऱ्या एका पाथरवटाने विचारलं, "कुठल्या भाषेत?" अंदाजे म्हणाला, "ती अजून झालेली नाही." पाथरवटाने अक्षरी दर दुप्पट लावला. दुसरं दरपत्रक एका मोठ्या कंपनीचं. त्यांनी एकशेचाळीस पानं पाठवली, त्यात दर कुठेच नव्हता. तिसरं दरपत्रक एका पेंटरचं. एका पानाचं, त्याच्याच वळणदार अक्षरातलं : 'पांढऱ्यावर लाल, दोन हात. हमी दहा हजार वर्षे, बिल मिळाल्या तारखेपासून.'

"दहा हजार वर्षांची हमी तुम्ही कशी काय देता हो?" अंदाजेने त्याला विचारलं होतं.

"तक्रार आली तर येऊन हात मारून जाईन की," पेंटर म्हणाला. "माझ्या बोर्डाबद्दल आजपर्यंत एक तक्रार नाही, साहेब. विचारा कुणालाही."

विचारायला लांब जायची गरज नव्हती. पेंटरने रंगवलेला एक बोर्ड अंदाजे तेरा वर्षांचा असल्यापासून बघत आला होता. तो बोर्ड त्याच्या अंदाजे एक असलेल्या बहिणीच्या घरासमोर होता.

आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ताईने त्याला आपल्या घरी आणलं. ती बारा वर्षांनी मोठी, नुकतीच आई झालेली. भाऊजी अणुभट्टीत क्रेन चालवत. भट्टीशेजारच्या कॉलनीत त्यांनी घर घेतलं होतं, स्वस्तात, आणि स्वस्त का हे तेव्हा कुणी विचारत नसे. त्याच घरात अंदाजे शिकला, त्याच घराच्या कर्जावर इंजिनीयर झाला. तो तेरा वर्षांचा असताना एक दिवस ट्रक आले. भट्टीतल्या पाण्याच्या टाक्या भरल्या होत्या, म्हणून थंड झालेलं इंधन पिंपांत घालून कॉलनीच्या कुंपणाला लागून एका शेडमध्ये ठेवायचं ठरलं. दोन वर्षांसाठी. पेंटर शिडीवर चढला आणि त्याने शेडवर रंगवलं, 'तात्पुरता साठा'.

ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहिलं की डावीकडे गॅस, उजवीकडे पाणी आणि समोर अणुइंधन.

दोन वर्षं संपत आली तशी ताईने आवराआवर सुरू केली. साठा हलला की घराला भाव येणार, घर विकून शहरात जायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. चांगले कप, पडदे, भिंतीवरचं घड्याळ, सगळं खोक्यांत गेलं. पंधरा वर्षांच्या अंदाजेने खोक्यांवर नावं घातली, कारण घरात त्याचंच अक्षर बरं होतं.

त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. खोकी अजून बांधलेली होती. ताई कान तुटलेल्या कपात चहा देई आणि म्हणे, "चांगले आहेत रे, पण आता कुठे सोडत बसू? तिकडे गेल्यावर काढू." भिंतींचे पोपडे निघत, पण जाणाऱ्या घराला रंग कोण लावतं? मधल्या काळात भट्टी बंद झाली. दोनशे चौदा घरांपैकी नऊ घरांत माणसं उरली. भाऊजी गेले. अणुभट्टीत वीस वर्षं काढलेला माणूस गेला तो अंगणात पाय घसरून. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर थोडा अपेक्षाभंग दिसला. लेक शहरात नोकरीला लागली, रोज फोन करून म्हणे, आई, ये. ताईचं उत्तर ठरलेलं. "घर विकल्याशिवाय मी कुणाच्या दारात जाणार नाही. रिकाम्या हाताने तर लेकीच्याही नाही."

घर बघायला शेवटचं गिऱ्हाईक आलं त्याला सात वर्षं झाली. त्याने घर फिरून पाहिलं, चहा घेतला, खिडकीबाहेर बोट करून विचारलं, "ते काय?" ताईला खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "बरं, येतो." ते अजून येतंय.

म्हणून अंदाजे या खुर्चीवर आला होता. मित्र पूल बांधायला गेले, धरणं बांधायला गेले; याने अर्ज करून हे अंदाजपत्रक मागून घेतलं. अंदाजपत्रक पास झालं की काम सुरू होईल, पिंपं शेडमधून निघतील, ताईचं घर विकलं जाईल. एवढा साधा हिशेब. अकरा वर्षं तो ताईला फोनवर सांगत होता, "या वर्षी होईल, ताई." आणि ताई विचारी, "नक्की?" आणि तो म्हणे, "अंदाजे."

अडचण एकच होती. काम होतं अठरा हजार चारशे कोटींचं आणि विजेच्या बिलांतून या कामासाठी जमा झालेला निधी होता नऊ हजार दोनशे कोटींचा. बरोबर निम्मा. तेही एकवेळ चाललं असतं, पण त्या वर्षी दुष्काळात तेरावा महिना आला. वरच्यांनी स्टेडियमला छप्पर घालण्यासाठी निधीतून आठ हजार पन्नास कोटी काढून घेतले. आदेशात शब्द होता 'तात्पुरते'.

अंदाजेने तो शब्द वाचला आणि आदेश घेऊन तो विभागप्रमुखांकडे गेला.

"उरले किती?" विभागप्रमुख मॅडमनी विचारलं. मॅडमची निवृत्ती आठ महिन्यांवर होती, आणि टेबलावरचं कॅलेंडर सोडलं तर त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

"अंदाजे अकराशे पन्नास कोटी."

"आणि हवेत अठरा हजार चारशे. छान. अहो, एवढ्यात तर तुमचा रखवालदारसुद्धा नीट उभा राहायचा नाही."

तरी त्यांनीच मार्ग काढला. अर्थखात्याचं एक परिपत्रक नुकतंच आलं होतं. पुढे होणारा खर्च यापुढे 'आजच्या किमतीत' दाखवायचा. म्हणजे असं, की शंभर वर्षांनी शंभर कोटी लागणार असतील तर आज शंभर कोटी कशाला हवेत? आज शहात्तर लाख बँकेत ठेवा, पाच टक्क्यांनी वाढत वाढत शंभर वर्षांनी शंभर कोटी होतील. तेव्हा खर्च दाखवायचा शहात्तर लाख.

"बँक शंभर वर्षं टिकेल?" अंदाजेने विचारलं.

"ते परिपत्रकात नाही," मॅडम म्हणाल्या.

अंदाजेने सुरुवात रखवालदारापासून केली. आकडा पाहून तो चाटच पडला. दोनशे वर्षांनंतरच्या रखवालदाराचा अख्ख्या वर्षाचा पगार आजच्या किमतीत एका कटिंग चहाएवढा भरत होता. पाचशे वर्षांनंतरचा तर शून्य. तिथून पुढची साडेनऊ हजार वर्षं तो बिचारा फुकट पहारा देत होता, आणि तेही धुतलेल्या गणवेशात. पण त्याने एकूण रकमेला नखाएवढाही फरक पडला नाही. खरा खर्च खणण्याचा होता, आणि खणायचं होतं लगेच.

"मग लगेच खणू नका," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सुरुवातीचं वर्ष बदलून बघा ना. बोट दुखतंय का?"

अंदाजेने कॉम्प्युटरवर 'काम सुरू होण्याचे वर्ष' या चौकटीत दहा वर्षं पुढचा आकडा घातला. अठरा हजार चारशेचे अकरा हजार तीनशे झाले. त्याने आणखी दहा घातली. आकडा जिना उतरावा तसा खाली आला. अकरा वर्षं जो एका पैशाने उतरला नव्हता, तो आता बोट दाखवाल तिथे बसत होता. छप्पन्न वर्षांवर तो अकराशे सत्त्याण्णव कोटींना टेकला. सत्तावन्नवर अकराशे एक्केचाळीस. निधीच्या आत. नऊ कोटी शिल्लक!

"पण मॅडम, सत्तावन्न वर्षं..." अंदाजेने मनात बेरीज केली. "मी तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचा असेन. माझी ताई एकशे तीन."

"अहो अंदाजे, तुम्ही किती वर्षं सरकारी नोकरीत आहात? कागदावर आहे ते. आधी मंजुरी घ्यायची, मग सुधारित अंदाजपत्रक पाठवून तारीख अलीकडे ओढायची. मंजूर झालेल्या कामाला वाढीव पैसे मिळतात. नामंजूर कामाला चहासुद्धा मिळत नाही. आजपर्यंत एक काम दाखवा मला, जे मूळ तारखेला झालं!"

हे मात्र खरं होतं. खात्यात असंच चाले. जिन्याच्या मंजुरीवर लिफ्ट झाली होती, कुंपणाच्या मंजुरीवर गेस्टहाऊस. आधी पाय आत, मग अंग. अंदाजेने दोन दिवस विचार केला, ताईच्या तुटक्या कपाचा विचार केला, आणि सत्तावन्न लिहून सही केली.

समितीची बैठक सकाळी अकराला होती. गोल टेबल, नऊ माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि न उघडलेली फाईल. अध्यक्षांनी शेवटचं पान उघडलं. अनुभवी माणूस होता, शेवटचंच पान उघडायचा.

"मागच्या वेळी अठरा हजार चारशे होते ना? आता अकराशे एक्केचाळीस?"

"अंदाजे, सर."

"म्हणजे बचत सतरा हजार दोनशे एकोणसाठ कोटींची!" अध्यक्षांनी चष्मा काढला. "एवढी बचत आजपर्यंत कुठल्याच खात्याने केलेली नाही. हा मुलगा कोण आहे?"

मॅडमनी बोट दाखवलं. टाळ्या पडल्या. अकरा वर्षं, चौदा आवृत्त्या. आता पास होणार होतं. त्याला समोर पडदे लावलेलं एक स्वच्छ घर दिसलं, आणि त्यात ताई.

तेवढ्यात कोपऱ्यातले एक सदस्य जागे झाले. हे गृहस्थ कुठल्याशा बँकेतून आले होते. "एक शंका. सत्तावन्नऐवजी एकशे वीस वर्षांनी सुरू केलं तर?"

अंदाजेने हिशेब केला. खोटं सांगणं घराण्यातच नव्हतं. "अंदाजे त्रेपन्न कोटी."

सदस्य खुर्चीत पुढे सरकले.

"आणि दोनशे वर्षांनी?"

"एक कोटी... सहा लाख. अंदाजे."

"एक कोटी!" सदस्य म्हणाले. "अहो, एवढा तर मागच्या वर्षीचा आपला जेवणाखाण्याचा खर्च आहे. मग आपण सत्तावन्नवर का अडलोय?"

सगळ्यांनी अंदाजेकडे पाहिलं. अध्यक्षांच्या डोळ्यांत आता कौतुकाऐवजी संशय होता, की या पोराने कुणाला तरी अकराशे चाळीस कोटी चारायचा बेत तर केला नाही ना?

आणि मग अंदाजे लढला. आयुष्यात तो कधी कुणाशी भांडला नव्हता. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी 'अंदाजे बरोबर आहेत' म्हणून खिशात टाकणारा माणूस. पण त्या दिवशी उभा राहून, टेबलावर हात आपटून तो सत्तावन्न वर्षांसाठी लढला. शेडचं काँक्रीट तेवढंच टिकेल म्हणाला. पिंपांची झाकणं दोनशे वर्षं टिकणार नाहीत म्हणाला. खोदकाम जाणणारी माणसं मरून जातील म्हणाला. बँकवाले सदस्य ऐकेनात. एकशे वीसवर तडजोड करा म्हणाले. अंदाजे म्हणाला, सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न. बँकवाले ऐंशीवर आले. अंदाजे हलला नाही. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. सव्वा तासाने अध्यक्षांना भूक लागली आणि सत्तावन्न मंजूर झाले.

मॅडमनी बाहेर आल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलात हो!"

अंदाजे हसला. त्याला खरंच वाटलं, की आपण जिंकलो.

चार दिवसांनी इतिवृत्त आलं. अंदाजेने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. 'प्रस्ताव मंजूर. काम सुरू करण्याचे वर्ष सत्तावन्नावे. सदर वर्ष अलीकडे घेतल्यास प्रतिवर्षी पाच टक्के नुकसान संभवते, सबब ते कोणत्याही कारणास्तव अलीकडे घेऊ नये, तसेच सुधारित अंदाजपत्रक सादर करू नये.' खाली आणखी एक ओळ होती : 'तोपर्यंत विद्यमान शेडचा वापर चालू ठेवावा. शेडचा खर्च या अंदाजपत्रकात धरू नये, कारण शेड तात्पुरती असून तिचे लेखाशीर्ष वेगळे आहे.'

"मॅडम, हे कुणी घातलं?"

मॅडमनी वाचलं. "बँकवाल्यांनी. हरलेला माणूस इतिवृत्तात उट्टं काढतो." मग जरा थांबून, कॅलेंडरकडे बघत त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं खरं, आधी मंजुरी घ्या म्हणून. चाळीस वर्षांत हे असं पहिल्यांदा झालं बघा. काम मूळ तारखेला होणार."

त्याच क्षणी फोन वाजला. ताई. तिच्या आवाजामागे माणसांचा गलका होता.

"अरे, पेपरात आलंय! 'भूमिगत साठ्याला मंजुरी.' पहिल्या पानावर! सगळे माझ्याकडे आलेत, नऊच्या नऊ घरं. तुझा भाऊच ना तो, म्हणतायत. अरे, बोल की!"

"हो, ताई."

"पास झालं ना?"

"पास झालं."

"मी लेकीला कळवलंसुद्धा. आता म्हटलं येतेच. तू कधी येतोस? खोकी खाली काढायला माणूस लागेल."

"रविवारी येतो," अंदाजे म्हणाला. पेपरात वर्ष छापलेलं नव्हतं. पेपरवाल्यांनीही शेवटचंच पान वाचलं होतं, आणि वर्ष होतं पान क्रमांक दोनवर.

रविवारी बस कॉलनीच्या फाट्यावर थांबली. उतरणारा तो एकटाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद घरं, फाटकांना गंज, एका अंगणात चाक नसलेली सायकल. शेडसमोर शिडी लावून पेंटर उभा होता. 'तात्पुरता'मधला 'ता' ताजा लाल झाला होता, बाकीचा अजून फिका.

"अभिनंदन, साहेब!" तो वरूनच ओरडला. "मोठं काम मिळालं बघा. सत्तावन्न वर्षांचा ठेका. दर दोन वर्षांनी एक हात. माझा नातूसुद्धा यावर जगेल."

"तुम्हाला कुणी सांगितलं, सत्तावन्न?"

"ऑर्डरीत लिहिलंय की."

"ताईला सांगितलंत?"

पेंटरने ब्रश डब्यात बुडवला. "मी रंगवतो, साहेब. वाचून दाखवत नाही."

ताईचं घर दारापासून ओळखू येत नव्हतं. पुढच्या खोलीत चौदा खोकी रांगेत मांडली होती. ताईने चांगली साडी नेसली होती आणि पदर खोचून ती सुतळी कापत होती.

"आलास? बस. नको, बसू नकोस, खुर्ची बांधलीय. शेजारच्या आजी म्हणाल्या, कप काढून ठेव, लोक भेटायला येतील. म्हणून एक खोकं सोडलं. हे बघ!"

खिडकीच्या कट्ट्यावर सहा कप होते. पांढरे, निळ्या काठाचे. एकोणीस वर्षं अंधारात राहून ते नवेकोरे दिसत होते, आणि त्या खोलीत दुसरं काहीच नवं नसल्यामुळे चोरून आणल्यासारखे वाटत होते. ताईने एका कपात त्याला चहा दिला. कपाला कान होता. अंदाजेला तो कसा धरायचा ते पटकन सुचेना.

"भाव किती येईल रे घराला? तुझ्या अंदाजाने?"

"ताई..."

"कमी सांगितलास तरी चालेल. लेकीला गॅलरीवाली खोली घ्यायचीय. मी तिला म्हटलं, माझा अर्धा वाटा. बोल."

"ताई, साठा हलायला वेळ आहे."

"तो असतोच. किती? वर्ष? दोन वर्षं?"

अंदाजेने चहाचा घोट घेतला. चहा गरम होता. समोर खिडकीत पेंटर शिडी सरकवून दुसऱ्या अक्षराकडे गेला.

"सत्तावन्न," तो म्हणाला.

ताईच्या हातातली कात्री थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पुढच्या शब्दाची वाट बघत. तो शब्द आला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने आकडा उघड्या डोक्याने बाहेर पाठवला होता.

"अंदाजे ना?" ताईने विचारलं.

"नाही. नक्की."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. चौकट, पाच टक्के, सहीचं पान, बँकवाले, सव्वा तासाची लढाई. "ते दोनशे म्हणत होते, ताई. मी सत्तावन्नवर आणलं."

ताईने मान हलवली, जशी ती त्याने शाळेतून पास होण्याइतकेच मार्क आणल्यावर हलवायची. "बरं केलंस," ती म्हणाली. आवाजात कुठेही खोच नव्हती, आणि तेच अंदाजेला सोसवेना. तो म्हणाला, "ताई, शिव्या दे मला. सही माझी आहे."

"शिव्या देऊन काय होणार? पाच टक्क्यांनी वाढतील." ती उठली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. ओट्याला टेकून तिने समोरच्या शेडकडे पाहिलं आणि हाक मारली, "अहो पेंटर! तिकडचं झालं की इकडे या. भिंती करायच्यात."

पेंटर हात पुसत दारात आला. पोपडे बघून त्याने जीभ टाळ्याला लावली. "खरवडावं लागेल, ताई. दोन हात लागतील."

"टिकेल किती?"

"घराला पाच वर्षांची हमी देतो."

"त्याला दहा हजार वर्षांची दिलीत ना?"

"ते वेगळं, ताई. तिथे तक्रार करायला कोण येणार? इथे तुम्ही आहात."

तो दर सांगून गेला. ताईने लेकीला फोन केला नाही. 'सांगू उद्या' म्हणाली, आणि खोकी सोडायला बसली. अंदाजेही बसला. पडदे निघाले, घडीच्या रेघांवर विरलेले. घड्याळ निघालं, आतला सेल फुटून हिरवा झाला होता. एकेक वस्तू जागेवर जात होती, आणि घर हळूहळू राहतं होत चाललं होतं. ते बघवत नव्हतं.

शेवटचं खोकं लहान होतं. सगळ्या बाजूंनी चिकटपट्टी, आणि वर पंधरा वर्षांच्या मुलाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : 'उघडू नये'.

"यात काय आहे?" ताईने विचारलं.

"माहीत नाही."

"अक्षर तुझं आहे."

"अक्षर माझंच आहे. पण का लिहिलं ते आठवत नाही."

त्याने अकरा वर्षं बाब क्रमांक सत्तेचाळीसवर काढली होती. दहा हजार वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाला थांबवेल असा शब्द शोधण्यात. इथे लिहिणारा तोच, वाचणारा तोच, भाषा तीच, मध्ये फक्त एकोणीस वर्षं. आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

"उघडू नये म्हणजे काहीतरी चांगलं असणार," ताई म्हणाली आणि तिने कात्री घातली.

आत सहा बल्ब होते. जुन्या पद्धतीचे, काचेचे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तेव्हा ताईला आठवलं. भट्टीत कर्मचाऱ्यांना वाटले होते. नव्या घरात लावायचे म्हणून भाऊजींनी जपून ठेवले होते, आणि फुटतील म्हणून अंदाजेला सांगितलं होतं, वर लिही.

ताईने एकेक बल्ब कानाशी धरून हलवला. पहिला खुळखुळला, आतली तार तुटलेली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सगळे खुळखुळले. सहावा हलवला. आवाज आला नाही. तिने पुन्हा हलवला. नाही.

"लावून बघू?" अंदाजेने विचारलं.

ताईने वर होल्डरकडे पाहिलं, हातातल्या बल्बकडे पाहिलं. मग तो परत कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला.

"नको. असू दे. तिकडे गेल्यावर लागेल."

अंदाजेने चिकटपट्टी शोधली, खोकं चारी बाजूंनी बंद केलं.

"लिही वर," ताई म्हणाली. "नाहीतर पुन्हा विसरशील."

त्याने खिशातलं पेन काढलं. जुनी ओळ खोडली. बाहेर पेंटर शिट्टी वाजवत 'साठा'वर आला होता. अंदाजेने खोकं मांडीवर घेतलं, जरा विचार केला, आणि टपोऱ्या, सगळ्यांना समजेल अशा अक्षरात लिहिलं :

बल्ब. अंदाजे एक.